एका जुन्या लेखावरून स्टॅलिन इतका का भडकला? गोष्ट एका इतिहासाच्या नियतकालिकाची

ऑक्टोबर १९३१. सोव्हिएत संघात पहिली पंचवार्षिक योजना जोरात सुरू होती. शेतकऱ्यांच्या जमिनी सक्तीने सामुदायिक शेतीत घेतल्या जात होत्या, नवे पोलाद कारखाने उभे राहत होते. देशाच्या सर्वेसर्वाला श्वास घ्यायलाही उसंत नसावी असा तो काळ.

पण त्याच धामधुमीत जोसेफ स्टॅलिनने वेळ काढला आणि एका नियतकालिकाच्या संपादकांना लांबलचक पत्र लिहिलं. पत्राचा विषय शेती नव्हता, उद्योग नव्हता. आदल्या वर्षी त्या नियतकालिकात छापून आलेला एक लेख, हा त्याचा विषय होता. आणि लेख कशावर? तर पहिल्या महायुद्धाच्या आधी लेनिनचं जर्मन समाजवाद्यांबद्दल काय मत होतं, यावर!

मोजक्या अभ्यासकांनी वाचला असेल असा हा लेख. त्यावरून लेखकाला पक्षातून काढलं गेलं, संपादक अडचणीत आले आणि देशभरातले इतिहासकार एकामागोमाग एक माफीनामे लिहू लागले.

असं काय होतं त्या लेखात? एका जुन्या वादाची सत्ताधाऱ्याला इतकी धास्ती का वाटावी? हे समजून घ्यायचं तर आधी त्या नियतकालिकाची ओळख करून घ्यावी लागेल.

चळवळीच्या आठवणी गोळा करणारं नियतकालिक

नाव होतं 'प्रोलेतार्स्काया रेवोल्युत्सिया'. अर्थ, 'कामगारवर्गाची क्रांती'.

१९१७ च्या ऑक्टोबर क्रांतीनंतर बोल्शेविक पक्ष सत्तेवर आला. पण या पक्षाचं बरंचसं आयुष्य भूमिगत गेलेलं. कार्यकर्ते टोपणनावाने वावरायचे. पत्रं वाचून झाली की जाळून टाकायचे. छापखाने तळघरात चालायचे. पोलिसांच्या हाती काही लागू नये म्हणून कागद ठेवायचाच नाही, हा नियम. त्यामुळे क्रांती यशस्वी झाली तेव्हा तिचा इतिहास बहुतांशी लोकांच्या डोक्यात होता. यादवी युद्धात आणि टायफसच्या साथीत ही माणसं भराभर मरत होती.

म्हणून १९२० मध्ये सोव्हिएत सरकारने एक आयोग नेमला. ऑक्टोबर क्रांती आणि कम्युनिस्ट पक्ष यांच्या इतिहासाची साधनं गोळा करणं हे त्याचं काम. त्याचं लघुनाव 'इस्तपार्त', म्हणजे थोडक्यात 'पक्षाचा इतिहास'. प्रमुख होते मिखाइल ओल्मिन्स्की, पक्षातले जुनेजाणते पत्रकार. पुढे हा आयोग थेट पक्षाच्या मध्यवर्ती समितीच्या हाताखाली आला.

याच आयोगाने १९२१ मध्ये 'प्रोलेतार्स्काया रेवोल्युत्सिया' सुरू केलं. त्यात जुन्या कार्यकर्त्यांच्या आठवणी यायच्या, तुरुंगातून लिहिलेली पत्रं यायची. जुनी पत्रकं, बैठकांची इतिवृत्तं, झारच्या पोलिसांचे अहवाल हेही छापलं जायचं.

इस्तपार्तच्या शाखा प्रांतोप्रांती होत्या. त्या 'आठवणींच्या संध्याकाळी' भरवायच्या. एखाद्या संपात किंवा उठावात भाग घेतलेले लोक एकत्र बसायचे, एकजण सांगायला लागला की दुसरा त्याला दुरुस्त करायचा, आणि कुणीतरी हे सगळं लिहून घ्यायचं. आज आपण ज्याला मौखिक इतिहास म्हणतो, त्याचाच हा प्रकार.

अर्थात हे सगळं काही अगदी निःपक्षपाती नव्हतं. पैसा पक्षाचा, छपाई पक्षाची आणि बहुतेक लेखकही पक्षाचेच. हरलेल्या विरोधकांना त्यात फारसा मान नव्हता. तरीही पहिल्या दशकात कागदाला किंमत होती. दोन कार्यकर्त्यांच्या आठवणी जुळत नसतील तर वाद व्हायचा आणि तो छापलाही जायचा.

कागद काय करू शकतो? मालिनोव्स्कीचं उदाहरण

चळवळीच्या इतिहासात कागदाचं वजन किती असतं, हे बोल्शेविकांना स्वतःच्याच अनुभवातून कळलं होतं.

रोमान मालिनोव्स्की हा पक्षाचा लाडका कामगार नेता. १९१२ मध्ये तो मध्यवर्ती समितीवर आला, रशियाच्या संसदेत म्हणजे ड्यूमात निवडून गेला, तिथल्या बोल्शेविक गटाचा पुढारी झाला. तो पोलिसांचा माणूस आहे अशी कुजबुज होती. पण लेनिनने त्याची पाठराखण केली.

१९१७ च्या फेब्रुवारी क्रांतीत झारची सत्ता कोसळली आणि गुप्त पोलिसांची दप्तरं उघडली गेली. मालिनोव्स्की खरोखरच पोलिसांचा पगारी हस्तक निघाला. १९१८ मध्ये तो रशियात परतला, त्याच्यावर खटला चालला आणि त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

यातून निघणारी गोष्ट साधी होती. लेनिनसुद्धा चुकू शकतो. आणि तो कुठे चुकला हे पोलिसांच्या दप्तरातला एक कागद दाखवून देऊ शकतो. १९१७ मध्ये हे सगळ्यांनी मान्य केलं. १९३१ मध्ये हेच म्हणणं गुन्हा ठरलं.

स्लुत्स्कीने नेमकं काय लिहिलं होतं?

आता त्या लेखाकडे येऊ. लेखक होता अनातोली स्लुत्स्की नावाचा इतिहासकार. लेख छापला गेला १९३० च्या सहाव्या अंकात.

महायुद्धापूर्वी जर्मनीचा सोशल डेमोक्रॅटिक पक्ष हा जगातला सगळ्यात मोठा समाजवादी पक्ष होता. त्यात तीन प्रवाह होते. एका बाजूला सुधारणावादी, दुसऱ्या बाजूला रोझा लक्झेंबर्गसारखे जहाल, आणि मध्ये कार्ल काउत्स्कीचा 'मध्यममार्गी' गट. १९१४ मध्ये युद्ध सुरू झालं आणि या पक्षाच्या खासदारांनी जर्मन सरकारच्या युद्धखर्चाला मंजुरी दिली. लेनिनला हा जबर धक्का होता. तिथून पुढे काउत्स्की त्याच्या लेखी गद्दार ठरला.

स्लुत्स्कीचा प्रश्न असा की, १९१४ च्या आधी लेनिनला या मध्यममार्गी गटाचा धोका पुरता ओळखता आला होता का? त्याचं उत्तर होतं, नाही, लेनिनने तो धोका कमी लेखला. रोझा लक्झेंबर्ग काउत्स्कीवर आधीपासून तुटून पडत होती, तेव्हा लेनिनने तिला हवी तशी साथ दिली नाही. पण त्याने एक पुस्तीही जोडली होती. या विषयावरचे सगळे कागद अजून हाती आलेले नाहीत.

संपादकांनी हा लेख 'चर्चेसाठी' म्हणून छापला. म्हणजे लेखकाचं मत आम्हाला पटलंच आहे असं नाही, पण त्यावर बोलायला हरकत नाही. कुठल्याही अभ्यास-नियतकालिकात रोज घडणारी गोष्ट.

स्टॅलिनचं पत्र

स्टॅलिनच्या पत्राचं शीर्षक होतं, 'बोल्शेविझमच्या इतिहासातील काही प्रश्नांविषयी'. ते 'प्रोलेतार्स्काया रेवोल्युत्सिया'त तर छापलं गेलंच, शिवाय 'बोल्शेविक' या पक्षाच्या सैद्धांतिक मुखपत्रातही आलं.

पत्रातला राग स्लुत्स्कीवर जितका, तितकाच संपादकांवर होता. लेख चुकीचा आहे एवढंच स्टॅलिनचं म्हणणं नव्हतं. या विषयावर चर्चा होऊ दिली हाच गुन्हा, असं त्याचं म्हणणं होतं. लेनिन खरा बोल्शेविक होता की नाही, हे त्याच्या मते गृहीतकासारखं होतं. गृहीतकावर कुणी वाद घालतं का? संपादकांच्या मोकळेपणाला त्याने 'सडका उदारमतवाद' असं नाव दिलं. स्लुत्स्कीचा लेख म्हणजे इतिहासाच्या आडून केलेली ट्रॉट्स्कीवादाची तस्करी, असा शिक्का मारला.

आणि कागदपत्रांचं काय? तिथे स्टॅलिनने खिल्लीच उडवली. आणखी ढीगभर कागद सापडले तरी काय फरक पडणार? पक्षाची आणि नेत्याची पारख त्यांच्या कृतीवरून करायची असते. निव्वळ कागदांच्या भरवशावर राहणाऱ्यांना त्याने अभिलेखागारातले उंदीर म्हटलं.

वरवर पाहता हा मुद्दा पटण्यासारखा वाटतो. माणसाची पारख कृतीवरून करावी, यात चूक काय? पण जरा थांबून विचार करा. वीस वर्षांपूर्वी कुणी काय कृती केली, हे आज कळणार कशावरून? पत्रांवरून, इतिवृत्तांवरून, आठवणींवरून. म्हणजे पुन्हा कागदांवरूनच. कागद बाजूला सारले की कृती काय होती हे सांगणारा एकच उरतो, तो म्हणजे सत्तेवर बसलेला माणूस.

पण इतका राग कशासाठी?

याची दोन कारणं दिसतात.

पहिलं, लेनिनचा वारस म्हणूनच स्टॅलिनचा अधिकार उभा होता. लेनिन एका मोठ्या प्रश्नावर चुकला असं मान्य केलं, तर वारसाच्याही चुका शोधायला वाट मोकळी होते.

दुसरं कारण आणखी जवळचं. १९१७ च्या इतिहासात स्टॅलिनला अडचणीची पानं होती. त्या वर्षी मार्चमध्ये तो आणि कामेनेव्ह सैबेरियातल्या हद्दपारीतून पेत्रोग्रादला परतले आणि 'प्रावदा'ची सूत्रं त्यांनी हाती घेतली. तेव्हा त्यांचं हंगामी सरकारबद्दलचं धोरण मवाळ होतं. लेनिन स्वित्झर्लंडमधून कडक पत्रं पाठवत होता. त्यातलं पहिलंच तेवढं 'प्रावदा'ने छापलं, तेही काटछाट करून. एप्रिलमध्ये लेनिन स्वतः आला आणि त्याने पक्षाची दिशा बदलली.

हे सगळं कागदावर होतं. ट्रॉट्स्कीने १९२७ मध्ये इस्तपार्तलाच एक सविस्तर पत्र लिहून, इतिहासात कुठे कुठे फेरफार होतोय याचा पाढा वाचला होता. त्यामुळे दप्तरं चाळणारा इतिहासकार, तो कितीही पक्षनिष्ठ असला तरी, स्टॅलिनसाठी धोक्याचाच होता.

वातावरणही आधीच बदललं होतं. फेब्रुवारी १९३१ मध्ये मॉस्कोतल्या मार्क्स-एंगल्स संस्थेचा संस्थापक दाविद रियाझानोव्ह याला अटक झाली. मार्क्सच्या हस्तलिखितांचा तो त्या काळातला सगळ्यात मोठा जाणकार. विरोधकांचे कागद लपवल्याचा आरोप ठेवून त्याला हद्दपार केलं गेलं. १९३८ मध्ये त्याला गोळ्या घातल्या.

पत्रानंतर काय झालं?

पत्र छापून आल्यावर संस्थांमध्ये बैठका सुरू झाल्या. कुणाच्या पुस्तकात काय 'चुकलंय' याची शोधाशोध झाली. येमेल्यान यारोस्लाव्स्की हा पक्षातला वजनदार माणूस, पक्षाच्या चार खंडी इतिहासाचा संपादक. स्टॅलिनने पत्रात त्याचंही नाव घेतलं होतं. त्यालाही जाहीरपणे चूक कबूल करावी लागली.

स्लुत्स्कीची पक्षातून हकालपट्टी झाली. 'प्रोलेतार्स्काया रेवोल्युत्सिया' काही काळ बंद पडलं. १९३३ मध्ये पुन्हा निघू लागलं, पण आता ते वेगळंच नियतकालिक होतं. वादाची जागा स्तुतीने घेतली होती. १९४१ मध्ये ते कायमचं थांबलं.

भोवतालची माणसं आणि संस्थाही एकेक करून गेल्या. झारच्या काळातल्या राजकीय कैद्यांची एक संघटना होती. ती 'कातोर्गा इ स्सिल्का', म्हणजे 'सक्तमजुरी आणि हद्दपारी', नावाचं नियतकालिक काढायची. त्यात बोल्शेविक नसलेल्या क्रांतिकारकांच्याही आठवणी येत. १९३५ मध्ये संघटनाही गेली आणि नियतकालिकही. जुन्या बोल्शेविकांची संघटना त्याच वर्षी विसर्जित झाली. पक्षाचा इतिहास लिहिणारा व्लादिमीर नेव्स्की १९३५ मध्ये पकडला गेला, १९३७ मध्ये मारला गेला.

सगळ्यात बोलका किस्सा आवेल येनुकिद्झेचा. हा स्टॅलिनचा जुना मित्र. बाकूमधल्या भूमिगत छापखान्याच्या आठवणी त्याने लिहिल्या होत्या. त्या छापखान्यात तो स्वतः राबला होता. पण त्या आठवणींत स्टॅलिनला पुरेशी जागा नव्हती. १९३५ च्या सुरुवातीला त्याने 'प्रावदा'त स्वतःच्याच आठवणींतल्या 'चुका' कबूल केल्या. तरी सुटका झाली नाही. त्याच वर्षी त्याला पक्षातून काढलं आणि १९३७ मध्ये त्यालाही गोळ्या घातल्या. त्याच्यावर इतरही आरोप होते. पण स्वतः पाहिलेली गोष्टसुद्धा परवानगीशिवाय आठवायची नाही, हा संदेश सगळ्यांना पोचला.

एक पुस्तक, कोट्यवधी प्रती

मग रिकाम्या झालेल्या जागेत काय आलं? १९३८ मध्ये पक्षाच्या इतिहासाचं एकच अधिकृत पुस्तक आलं. ते 'संक्षिप्त पाठ' या नावाने ओळखलं जातं. स्टॅलिनने ते स्वतः बारकाईने तपासलं, बदललं, काही भाग स्वतः लिहिला. त्याच्या मृत्यूपर्यंत ६७ भाषांत त्याच्या चार कोटींहून अधिक प्रती निघाल्या.

उलट जॉन रीड या अमेरिकी पत्रकाराचं 'टेन डेज दॅट शुक द वर्ल्ड' हे ऑक्टोबर क्रांतीचं डोळ्यांदेखतचं वर्णन दुकानांतून आणि ग्रंथालयांतून नाहीसं झालं. त्याला खुद्द लेनिनची प्रस्तावना होती. पण त्यात ट्रॉट्स्की पानोपानी भेटतो आणि स्टॅलिन जेमतेम.

मराठी वाचकाला बखर आणि अस्सल कागद यांतला फरक नवा नाही. बखर रंगून सांगते, पण धन्याकडे पाहून सांगते. तिला तपासायला त्या काळातलं पत्र लागतं. सोव्हिएत संघात झालं ते असं की, बखर सक्तीची झाली आणि पत्रं कुलूपबंद.

स्टॅलिन गेला, पण प्रश्न सुटला का?

स्टॅलिन १९५३ मध्ये वारला. १९५६ मध्ये ख्रुश्चेव्हने त्याच्या गुन्ह्यांबद्दल गाजलेलं भाषण केलं. इतिहासकारांना वाटलं, आता मोकळं लिहिता येईल.

'वोप्रोसी इस्तोरी' या इतिहासाच्या प्रमुख नियतकालिकाचा उपसंपादक एडुआर्ड बुर्जालोव्ह याने त्याच वर्षी लेख लिहिला. विषय तोच अडचणीचा. मार्च-एप्रिल १९१७ मध्ये बोल्शेविकांचं धोरण काय होतं? स्टॅलिनची तेव्हाची मवाळ भूमिका त्याने कागदांच्या आधारे मांडली.

वर्षभरात मध्यवर्ती समितीने ठराव करून या नियतकालिकाला फटकारलं आणि बुर्जालोव्हला पदावरून हटवलं. फरक एवढाच की यावेळी कुणाला गोळी घातली नाही. बुर्जालोव्ह शिकवत राहिला आणि पुढे त्याने फेब्रुवारी क्रांतीवर मोठा ग्रंथ लिहिला. १९५७ मध्येच पक्षाच्या इतिहासासाठी वेगळं अधिकृत नियतकालिकही सुरू करण्यात आलं.

भारतातल्या कम्युनिस्टांचे कागद कुठे आहेत?

हाच प्रश्न आपल्याकडच्या कम्युनिस्ट चळवळीलाही पडला. पनवेलला जन्मलेले आणि बर्लिनमधून रसायनशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेले डॉ. गंगाधर अधिकारी हे मेरठ कटाच्या खटल्यातले एक आरोपी. उतारवयात त्यांनी भारतीय कम्युनिस्ट पक्षाच्या इतिहासाची कागदपत्रं संपादित करायला घेतली. १९१७ ते १९२२ या काळाचा पहिला खंड १९७१ मध्ये आला.

गंमत अशी की, या चळवळीचे कितीतरी कागद टिकले ते इंग्रज पोलिसांनी जप्त केले म्हणून. झारच्या पोलिसांनी जे केलं, तेच इथल्या गुप्तचरांनी केलं.

आणि कागद पक्षाला किती हादरवू शकतो, हेही भारताने पाहिलं. १९६४ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली म्हणून काही पत्रं समोर आली. कॉम्रेड श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२४ मध्ये तुरुंगातून ब्रिटिश सरकारला ती लिहिली, असा दावा होता. पत्रं बनावट आहेत, असं डांगे यांचं म्हणणं होतं. त्या एप्रिलमध्ये राष्ट्रीय परिषदेच्या ३२ सदस्यांनी सभात्याग केला आणि वर्षअखेर पक्ष दुभंगला. फुटीची मुळं खोल होती. चीन, सोव्हिएत संघ, काँग्रेसशी संबंध असे अनेक वाद होते. पण ठिणगी पडायला चाळीस वर्षांपूर्वीचे कागद पुरले.

याचा आपल्याशी काय संबंध?

आज कुठल्याही चळवळीचा इतिहास आपल्या फोनवर रोज येऊन पडतो. कुणाचा नेता थोर होता, कुणी गद्दारी केली, कुणी माफी मागितली. डाव्यांचा असो, उजव्यांचा असो, की आणखी कुणाचा, प्रत्येकाचा एक 'संक्षिप्त पाठ' तयार असतो.

असा मजकूर समोर आला की तीन गोष्टी विचारून पाहा. यामागचा मूळ कागद कोणता आणि तो कुणी, केव्हा लिहिला? याच्या उलट सांगणारा कागद आहे का, आणि सांगणाऱ्याने तो दाखवला का? आणि तिसरं, हा प्रश्न नुसता विचारल्यावर लोक चिडतात का? चिडत असतील, तर तिथे इतिहास संपून दुसरंच काहीतरी सुरू झालेलं असतं.

स्लुत्स्की लेनिनचा विरोधक नव्हता, पक्षाचाही नव्हता. कदाचित त्याचा निष्कर्षही चुकीचा असेल. दुसऱ्या कुणा अभ्यासकाने पुढच्या अंकात नवे कागद दाखवून तो खोडता आला असता. चर्चेसाठी म्हणून लेख छापतात तो त्याचसाठी. पण सगळे कागद अजून हाती आलेले नाहीत, असं त्याने लिहिलं होतं. कुठल्याही प्रामाणिक इतिहासकाराला लिहावं लागतं असं ते साधं वाक्य. १९३१ नंतर सोव्हिएत संघात ते लिहायची सोय उरली नाही.